पाटाकडंची कोपी

मार्गशीर्ष लागून आठ दिवस झाले होते आणि तरी अंगाला घाम येत होता, ही गोष्ट राहीबाईला अजिबात पसंत नव्हती. सकाळपासून ती पाच वेळा ओट्यावरून खाली उतरली होती आणि पाच वेळा पदरानं मान पुसत परत चढली होती. आभाळ राखेनं घासलेल्या परातीसारखं, सगळीकडं एकसारखं. वारा दक्षिणेकडून, तोही ओलसर. ज्या महिन्यात माणसानं चुलीपुढून उठू नये, त्या महिन्यात माणसं लिंबाखाली बसून टोपीनं वारा घेत होती.

"ह्याचं काय खरं न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "हे आभाळ फिटलं ना, की राहिलेली समदी थंडी एकदम घालंल अंगावर."

"घालू दी की," नवरा म्हणाला. तो ओट्याच्या कडेला बसून खुरप्याला नवी मूठ बसवत होता. "थंडीच्या दिसात थंडी पडनार. तू आभाळाच्या मागं लागून काय त्याला लवकर आननार हायेस?"

नवऱ्याचं नाव कारभारी. गावातल्या बाकीच्या बायका आपापल्या नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणून हाक मारून मोकळ्या होत; राहीबाईला ती सोय नव्हती. नाव घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून गेली पस्तीस वर्षं ती त्याला ‘अवो’वर भागवत आली होती. शेताचा हिशेब तो बघायचा. माणसांचा हिशेब राहीबाईकडं. कोण कुणाच्या दारावरून जाताना पाय उचलतं, कोण हसताना तोंडावर पदर घेतं आणि कोण रडताना घेतं, कुणाला ‘हो’ म्हणायला किती वेळ लागतो, हे सगळं तिच्या डोक्यात पानं लावून नोंदलेलं असायचं. खाडाखोड तिला आवडत नसे. एकदा एखाद्याला हट्टी म्हणून मांडलं की तो स्मशानात जाईपर्यंत हट्टी.

चार दिवसांपूर्वी ह्या वहीत एकदम बारा कोरी पानं उघडली होती.

त्या बहात्तर साली पूर्वेकडं पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. पाथर्डीच्या पलीकडची ही माणसं घरची जमीन असलेली. दर वर्षी दसरा झाला की शेजारपाजारचे लोक ऊसतोडीला निघत, ते ही माणसं दारात उभी राहून बघत. ह्या वर्षी दारात उभं राहायला कुणी उरलं नाही. बैल घोडेगावच्या बाजारात देऊन रिकामी दावी खांद्यावर टाकून ती परत आली, आणि मच्छिंद्र मुकादमाच्या ट्रकमध्ये चढली. ट्रक रिकामा झाला तो बेलापूरच्या शिवारात, कारभारीच्या पडीक पट्टीवर. कारखान्यानं दिलेल्या चटया, बांबू, वरून उसाचं पाचट. दिवस मावळायच्या आत बारा कोप्या उभ्या राहिल्या.

नवखी आहेत हे राहीबाईनं लांबूनच ओळखलं. मुरलेला तोडकरी कोयता घेऊन चालतो. ही माणसं दुसऱ्याचं लेकरू घेतल्यासारखा कोयता घेऊन चालत होती.

अकरा कोप्या चढावर होत्या. बारावी एकटीच खाली, पाटाची चारी जिथं वळते त्या वळणाच्या पोटात. तिथं एक खोलगट होतं. तीन बाजूंनी बांध, चौथ्या बाजूला वाहतं पाणी, डोक्यावर दोन बाभळी. बघणाऱ्याला वाटावं, बिऱ्हाडासाठीच कुणी जागा आखून ठेवलीय. पण राहीबाई त्या खोलगटात वांगं लावत नसे, मिरचीही लावत नसे. लागोपाठ पाच वर्षं लावून बघितली होती. पाचही वर्षं एका सकाळी रोप उकडून काढल्यासारखं काळं पडलं, आणि दहा हात वर, मुरमाच्या उंचवट्यावरचं रोप हिरवंगार. थंडी पाण्यासारखी उतारानं खाली येते आणि खोलगटात साचून राहते, हे तिला कुणा मास्तरानं सांगितलं नव्हतं. वांग्यांनी सांगितलं होतं.

आणि त्या बाराव्या कोपीत दोन महिन्यांची पोर होती.

सहाव्यांदा ओट्यावरून उतरली ती परत चढलीच नाही, तशीच पाटाकडं निघाली.

"आता कुठं?" कारभारीनं विचारलं.

"आले."

"कुठनं येनार ते इचारलं न्हाई, कुठं चाललीस ते इचारलं."

तोवर ती बांधापलीकडं पोचली होती.

ट्रक आला नव्हता म्हणून टोळी दुपारीच उसाच्या फडातून परतली होती. खोलगटात रंगुबाई परात घासत बसली होती. वीस-बावीसची, हडकुळी, डोळे तेवढे मोठे. परात आधीच लखलखीत होती. बाजूला घासलेली तांब्या-पितळी, धुतलेलं लुगडं, धुतलेली चटई. पोर बाभळीला बांधलेल्या झोळीत.

"काय गं पोरी, त्या परातीचा काय गुन्हा? आल्यापास्नं बघती, घासतीसच."

रंगुबाई लाजली. "पानी हाय ना, मावशी," एवढंच म्हणाली. ह्याहून जास्त कारण लागतं हे तिच्या गावीच नव्हतं. मग आपणहून सांगायला लागली. "आमच्यात दीड कोसावर हीर. रातीचा नंबर लावायचा. एका तांब्यात हिला न्हानी घालायची, तेच पानी खाली धरून शेळीला. आन हितं बगा," तिनं बसल्या जागेवरून हात लांबवला, बोटं पाण्यात बुडवली, पुन्हा काढली. "उठावं बी लागत न्हाई. ट्रक थांबायच्या आदीच ह्यांनी उडी टाकली, पळत येऊन कोयता रवला हितं. त्या बायडाबाईला पायजे हुती ही जागा. अजून बोलत न्हाई आमच्याशी."

वर चढावर एक पोक्त बाई कमरेवर हात ठेवून इकडंच बघत होती. तीच बायडाबाई असणार. न बोलणं इतक्या लांबूनही ऐकू येत होतं.

"ते ऱ्हाऊ दी," राहीबाई म्हणाली. "मी सांगते ते ऐक. हितं हीव लई. आभाळ फिटू दी, त्याच राती हीव उतरतंय का न्हाई बघ. आन ह्या खड्ड्यात तर ते मुक्कामालाच असतंय. लेकरू न्हानं हाय तुझं. उद्या बिराड उचला आन वर मुरमावर जावा."

रंगुबाईचे मोठे डोळे अजून मोठे झाले. ती उठून झोळीपाशी गेली, पोरीच्या कपाळाला हात लावून आली. "हीव हाय हितं? आन आमाला कुनी बोललं बी न्हाई. बरं झालं मावशी सांगितलं. आजच बंदोबस्त करते."

राहीबाई समाधानानं परतली. जाता जाता त्या पानावर ‘समजूतदार’ असं मांडूनही टाकलं. घरी आल्यावर पेटीतून मिलिटरीचं जाड राखी कांबळं काढलं, भिंगारच्या भावानं दिलेलं, आणि संध्याकाळी स्वतः नेऊन रंगुबाईच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर आली आणि तिनं पाटाकडं पाहिलं. कोपी जागच्या जागी होती. नुसती होती असं नाही, धुमसत होती. ती तरातरा खाली गेली. कोपीच्या दारात लिंबाच्या ओल्या पाल्याचा ढीग जळत होता, दारावर लिंबाच्या डहाळ्या बांधल्या होत्या, आणि रंगुबाईचा नवरा भिमाजी डोळे चोळत, खोकत, शिव्या गिळत उभा होता. बाभळीवर कांबळं टांगलेलं. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"हे काय?"

"धुतलं," रंगुबाई अभिमानानं म्हणाली. "तीन पान्यातून काढलं."

"अगं कोरडं कांबळं हुतं ते! ह्या आभाळात चार दिस वाळायचं न्हाई. आन हा धूर कशाचा?"

"हिवाचा बंदोबस्त. तुमीच म्हनला ना. एक डास ठिवला न्हाई बगा."

"डास?"

"हीव डासानंच येतंय ना, मावशी? आमच्यात लई हुतं. मग सरकारी मानसं आली फवाराय, घरोघर औषध मारलं, भितीवर तारीख घालून गेली. तवापास्नं हीव न्हाई आमच्या गावात. हितं फवारत न्हाईत व्हय?"

राहीबाईला उलगडायला थोडा वेळ लागला. तिच्या तोंडी हीव म्हणजे थंडी. आजी म्हणायची, आई म्हणायची, तीही म्हणत आली. ह्या पोरीच्या कानी हीव म्हणजे हुडहुडी भरून येणारा ताप. काल तिनं जीव तोडून जे सांगितलं होतं ते सगळं डासांच्या नावावर जमा झालं होतं. तिला हसू फुटलं. धुरात हसल्यामुळं ठसका लागला, ठसक्यानं डोळ्यांत पाणी आलं. आणि पाणी पुसता पुसता ध्यानात आलं की ह्या गमतीत एक अख्खा दिवस गेला. मग हसू थांबलं.

"हीव म्हंजे थंडी गं बाई. गारठा. काकडा."

"थंडी व्हय!" रंगुबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं लगेच लिंबाचा पाला पायानं विझवायला घेतला. पंचाईत हीच होती. ताप म्हटल्यावर ती घाबरली होती, थंडी म्हटल्यावर निवांत झाली.

भिमाजी पुढं झाला. "थंडीचं आमाला नका सांगू, मालकीनबाय. आमच्या माळावर असं वारं सुटतंय की डोक्याचं मुंडासं पुढच्या गावात सापडतं. थंडीत दगडं तडकत्यात. म्हनून तर ही जागा बघितली. तीन बाजूनं बांध. झुळूक न्हाई. वारंच न्हाई तर थंडी येनार कशावर बसून?"

"हितं वारं पडलं की थंडी पडती," राहीबाई म्हणाली, आणि म्हणताना तिलाच ते खुळ्यासारखं वाटलं.

"हे उलटं झालं."

"उलटंच हाय, बाबा. तुमचा माळ कोरडा. हितं काळी जमीन, ऊस, पाट, चोवीस घंटे वलावा. तुमची थंडी वाऱ्यावर येती आन जाती. आमची खाली बसती. ह्या जागंत माझी वांगी करपली, एक न्हाई, पाच साल."

"आमी काय वांगी हाये का?"

चढावरून दोघं-तिघं हसले. राहीबाईही हसली, चांगल्या बोलण्याला ती दाद देई, ते तिच्यावर उलटलं तरी. पण भिमाजी हसला नाही. आवाज उतरवून म्हणाला, "जागा कुनाला द्यायची हाय ते सरळ सांगा की. कालपास्नं तीन येळा आलात. कोन कान भरतंय ते दिसतंय आमाला." आणि त्यानं वर, बायडाबाईच्या कोपीकडं एक नजर टाकली.

राहीबाई वळली. तिच्या उभ्या जन्मात तिच्यावर असा उलटा हिशेब कुणी लावला नव्हता. दुसऱ्याच्या मनातलं काढणं हा तिचा धंदा. आणि कालचं आलेलं पोरगं तिच्या मनात नसलेलं काढून दाखवत होतं.

दुपारभर तिला काही सुधरेना. भाकरी करपली. जात्यावर बसली आणि उठली. गुरांना एकदा पाणी दाखवलं होतं, ते विसरून दुसऱ्यांदा दाखवलं. गुरांनी तिच्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं नाही.

"तुझ्या पायानं त्या वाटंला चाकोरी पडली," कारभारी म्हणाला. "त्यांचं लेकरू हाय, त्यांना कळत नसंल का?"

"कळतंय. त्यांच्या गावचं कळतंय. हितलं न्हाई."

"मग शिकतील."

"शिकायला काय घालनार हायेत, ते बघा की. ती दोन महिन्यांची पोर."

कारभारी खुरप्याची मूठ, जी चांगली बसली होती, ती पुन्हा काढून बसवू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेकडं आभाळाला निळी किनार दिसली.

बाकी कुणाला ती दिसलीही नसती. राहीबाईला दिसली. दक्षिणेचा वारा थांबला होता. लिंबाचं पान हलत नव्हतं. तासाभरात किनारीचा पट्टा झाला, पट्ट्यातून ऊन आलं. टोळीतली पोरं उन्हात उड्या मारायला लागली, बायांनी ओले कपडे बांधावर पसरले. सगळीकडं सणासारखं झालं. आभाळ उघडलं म्हणून आनंद करणाऱ्या त्या माणसांकडं बघून राहीबाईला हातपाय आपटावेसे वाटत होते.

ती मच्छिंद्र मुकादमाकडं गेली. तो फडाच्या तोंडाशी मोळ्या मोजत उभा होता.

"मुकादम, त्या भिमाजीला सांगा, आजच्या आज वर जा म्हनावं."

"मावशी," मुकादम कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागं ठेवत म्हणाला, "मी सांगितलं की ऊस बुडातून तोडा, ऐकत्यात. मी सांगितलं पहाटं उठा, उठत्यात. पर कोपी कुठं घालायची, बायकूशी कसं बोलायचं आन देव कुठला पुजायचा, ह्यात मुकादमाचं चालत न्हाई. त्यातनं त्यांना ही जागा म्हंजे गड जिंकल्यावानी झालीय. मी उठवलं तर उद्या दुसऱ्या मुकादमाकडं जातील."

राहीबाई बांधावर बसली. बसवत नव्हतं, पण पाय दुखत होते. टोळी परतत होती. डोक्यावर उसाच्या शेंड्यांचे, वाढ्याचे भारे, अंगावर उसाची कूस. रंगुबाई सगळ्यांत मागं, पोर पाठीला बांधलेली. खोलगटात उतरली. भारा टाकला. आता ही पोरीला सोडील, पाजील, असं राहीबाई मनाशी म्हणते तोवर रंगुबाई वेगळंच करून बसली. पाठीवरची पोर तशीच ठेवून ती चारीपाशी गेली, वाकली, आणि पाण्यात हात घालून बघितला. पाणी चालू होतं. तिनं हात तसाच धरून ठेवला, एखाद्या झोपलेल्याचा श्वास बघावा तसा. मग वळून वरच्या अकरा कोप्यांकडं पाहिलं. कोण खाली येतंय का? कुणी नव्हतं. तेव्हा कुठं ती बसली आणि पोरीला पदराखाली घेतलं.

राहीबाई बांधावरून उठली ती एकदम.

तीन दिवस ती चुकीच्या पानावर लिहीत होती. ही माणसं थंडीला भीत नाहीत असं तिनं मांडलं होतं. तो मुद्दाच नव्हता. ह्या पोरीच्या डोक्यात थंडी नव्हती, वारा नव्हता, कांबळंही नव्हतं. पाणी असेल की नाही, असलं तर आपल्या आधी कोण पोचेल, एवढंच होतं. दीड कोसावरच्या विहिरीवर नंबर लावणारी बाई हातातलं पाणी सोडून उंचवट्यावर जाईल, आणि तेही वांग्यांच्या साक्षीवर?

ती घरी धावतच आली. "अवो, उठा. रांजण काढायचाय."

"कुठला?"

"आपल्याकडं किती हायेत? हा. दारातला."

कारभारीनं रांजणाकडं बघितलं. कंबरेइतका उंच, निम्मा जमिनीत पुरलेला, वर ओल्या फडक्याचा फेटा. "आपन पानी कशातलं प्यायचं?"

"हंड्यातलं. जल्माला आल्यापास्नं रांजनातलंच पीत हुता का? टिकाव घ्या."

कारभारी पस्तीस वर्षांत दोन गोष्टी शिकला होता: राहीबाई उभी राहून बोलत असेल तर वाद घालता येतो, चालत बोलत असेल तर नाही. ती चालत होती. त्यानं टिकाव घेतला. रांजण उकरला, गाडीत वाढ्याची गादी करून ठेवला, आणि बैल हाकून मुरमाच्या उंचवट्यावर नेऊन बसवला. मग राहीबाईनं डोक्यावर चुंबळ ठेवली, हंडा घेतला आणि वरच्या चारीवरून पाणी आणायला सुरुवात केली.

पहिल्या खेपेला कुणाचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्या खेपेला बाया कोप्यांच्या दारात आल्या. बागायतदारीण, पायात जोडवी, कपाळावर आडवं कुंकू, आणि टोळीच्या माळावर पाणी वाहतेय! पाचव्या खेपेला बायडाबाईला राहवलं नाही.

"मालकीनबाय, हा रांजन कुनाचा वो?"

"ज्याची कोपी ह्याच्या शेजारी, त्याचा," राहीबाई हंडा रिता करत, मुद्दाम जरा मोठ्यानं म्हणाली. "पाट आज हाय, आठ दिसानं बंद हुनार. हा बंद हुनार न्हाई. आमच्या हिरीवरनं मी रोज भरीन. मी भरीन, न्हाई तर आमच्या घरातलं मानूस भरंल."

घरातलं माणूस बैलांच्या शेपट्या सारख्या करू लागलं.

बायडाबाईनं रांजणाकडं बघितलं. मग मागं वळून आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बांबू उपटा."

हे खाली खोलगटात ऐकू गेलं. वारा नसला म्हणजे आवाज लांब जातो. भिमाजी ताडकन उठला, आणि थंडी कशावर बसून येते ह्याचं उत्तर त्याला मिळालं: रांजणावर बसून. "ए, ए! मालकीनबाय आमालाच म्हनल्या हुत्या मुरमावर जावा म्हनून. तीन दिस झाले सांगत्यात. इचारा की त्यांना!"

"सांगत हुते," राहीबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "पर तुमी वांगी न्हाई ना."

"अवो, गंमत केली जरा."

"मग चला बिगीबिगी. दिस मावळायला आला."

चटया सुटल्या, बांबू उपटले. भिमाजी आता असा पळत होता की जणू हा बेत त्याचाच. पण रंगुबाई खोलगटातच उभी. पोर छातीशी, पाय चारीच्या कडेला. राहीबाई खाली उतरली.

"चल."

"आन माझी जागा?" रंगुबाई हळूच म्हणाली. "मी हलले की घेनार कुनीतरी. पुन्हा न्हाई मिळनार. तुमचा रांजन फुटला तर? तुमी भरायचं इसरला तर?"

ह्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. प्रश्न रोखठोक होता आणि राहीबाईला रोखठोक प्रश्न आवडत. तिनं इकडं तिकडं पाहिलं. बांधावर बाभळीच्या तोडलेल्या काटेरी फांद्या पडल्या होत्या. पदर खोचून तिनं एक फांदी ओढली, दुसरी ओढली, आणि त्या खोलगटाच्या तोंडाशी आडव्या टाकायला लागली. तळहातात काटा गेला, तो दातानं काढला, पुन्हा ओढायला लागली. "ही तुझी जागा. मी काटं लावून राखून ठिवते. माझ्या रानात माझ्या काट्याला हात लावायची कुनाची छाती न्हाई. शिवरात झाली, ऊन तापाय लागलं, की काटं काढ आन ये ऱ्हायला."

रंगुबाईनं काटे बघितले, एक एक फांदी मोजल्यासारखी. मग एका बाजूला फट राहिली होती तिथं स्वतःच्या हातानं एक फांदी सरकवली. आणि चढाला लागली.

कोपी उभी करताना राहीबाईनं कुणाला श्वास घेऊ दिला नाही. दार उगवतीला करा, सकाळचं पहिलं ऊन आत आलं पायजे. उत्तरंला पाचट दुप्पट. बुडाला मातीचा भर द्या, फट ठिवू नका. खाली आधी कडबा, त्याच्यावर चटई. नुसत्या भुईवर पोरीला टाकाल तर बघा. चुलीतली राख सकाळपर्यंत झाकून ठिवायची. ओलं कांबळं तिनं आपल्या चुलीपाशी वाळत घालायला नेलं आणि त्याच्या बदल्यात स्वतःच्या अंथरुणातली वाकळ पाठवली. शेजारच्या बायाही ऐकत होत्या. बायडाबाईनं न विचारता आपल्या कोपीचं दार उगवतीकडं फिरवून घेतलं, पण ती राहीबाईशी बोलली नाही. आता न बोलण्याचा मान राहीबाईकडं आला होता.

दिवस मावळला. आभाळ धुतल्यासारखं मोकळं. पान हलत नव्हतं.

पहाटे राहीबाईच्या नाकाचा शेंडा बधीर झाला आणि तिला जाग आली. झुंजूमुंजू होत होतं. ती घोंगडं पांघरून निघाली. पायाखालचं गवत करकरत होतं. खालच्या खोलगटात काही दिसतच नव्हतं. धुकं तिथं दुधासारखं भरून राहिलं होतं, बाभळींचे नुसते शेंडे वर. चढावरच्या कोप्यांतून धूर निघत होता, खोकण्याचे आवाज येत होते. उंचवट्यावरच्या कोपीचं दार बाजूला सारलेलं. आत भिमाजी वाकळीत गुरफटून पडलेला. पोरीच्या जागी पोर नव्हती. रंगुबाई नव्हती.

"कुठं गेली?"

"पोरीला न्हाऊ घालाय," भिमाजी डोळे न उघडता म्हणाला. "म्हनली, पाटाला ऊन पानी आलंय. वाफा निघत्यात."

राहीबाई पळाली. पंचावन्न वर्षांची बाई, पायात पायताण नाही, घोंगडं मागं पडलं ते पडलं. धुक्यात शिरली तशी थंडी पायापासून कमरेपर्यंत चढली, जणू आडात उतरतेय. काट्यांची फळी एका बाजूला सारलेली होती. आत चारीच्या कडेला रंगुबाई बसली होती. पाण्यावरून खरोखरच वाफा निघत होत्या, चुलीवरच्या घंगाळातून निघाव्या तशा. पोर उघडी, मांडीवर आडवी. तांब्या भरलेला, हात वर उचललेला.

"रंगे!"

रंगुबाई दचकली, मग हसली. ओठ निळसर पडले होते, पण हसू खरं होतं. "या मावशी. बगा तरी, पानी ऊन हाय! रातभर असं कुनी तापीवलं वो? हात घालून बगा."

राहीबाईनं पाण्यात हात घातला नाही. तिनं रंगुबाईच्या हातातला तांब्या हिसकून चारीत भिरकावला, पोरीला उचलून आपल्या चोळीवर दाबलं, वरून पदराचे दोन वेढे घेतले. पोर ओरडली नाही. राहीबाई कान देऊन उभी राहिली. मग पोर ओरडली, चांगली घसा ताणून, आणि राहीबाईनं पदराचा तिसरा वेढा घेतला.

"काय झालं?" रंगुबाई रडकुंडीला आली. "ऊन हाय पानी, खरंच ऊन हाय!"

"व्हय, ऊन हाय. घाल हात. घाल दोन्ही."

रंगुबाईनं कोपरापर्यंत हात बुडवले. "हाय की ऊन."

"आता काढ. आन धर वर. पुसू नको."

रंगुबाईनं हात बाहेर काढले आणि धुक्यात धरले. पहिल्यांदा तिला काहीच वाटलं नाही. मग भुवया वर गेल्या. मग बोटं आपोआप वळली, मुठी झाल्या, आणि तिच्या तोंडातून असा आवाज आला जसा विंचू डसल्यावर येतो. तिनं हात लुगड्यात खुपसले; लुगडंही ओलंच होतं. ती पोरीकडं बघायला लागली. राहीबाईच्या पदरातून पोरीची टाळू तेवढी दिसत होती, केस नसलेली, कोरडी.

"सगळ्या अंगाला घालनार हुते," रंगुबाई म्हणाली. "डोक्यावरनं."

"चल वर."

"सगळ्या अंगाला, मावशी."

"न्हाई ना घातलंस. चल." राहीबाईनं तिचे दोन्ही हात ओढून आपल्या काखांत घेतले, एक इकडं, एक तिकडं, आणि दाबून धरले. बर्फाच्या कांड्यांसारखे होते. अशा दोघी मध्यात पोर घेऊन तिथं उभ्या राहिल्या, खोलगटाच्या तळाशी. रंगुबाईचे दात वाजत होते. वर चढावर कुणीतरी पितळेचं भांडं आपटलं, बायडाबाईचा आवाज आला, पोरांना उठवत होती.

"असं रोज?" रंगुबाईनं विचारलं.

"रोज न्हाई. आभाळ आलं की सैल पडतं, फिटलं की धरतं. बघायला शिकशील."

रंगुबाईनं हात सोडवून घेतले. पोरीला मागून घेतलं, उघड्या अंगाला अंग लावून पदरात लपेटलं. मग एकदम तिचा चेहरा बदलला आणि ती चढाकडं बघून, सगळा घसा काढून ओरडली, "बायडाबाय! आवो बायडाबाय! पोरांना पाटावर नका पाठवू! वाफा दिसत्यात त्या खोट्या हायेत!"

वरून पाचट वाजल्याचा आवाज आला. कुणीतरी खाली निघालं होतं.

"ऐकनार न्हाई ती," रंगुबाई म्हणाली. "तिला वाटंल, पान्यापासनं लांब ठिवती." आणि पोरीला छातीशी धरून, फांद्या ओलांडून, ती बायडाबाईच्या वाटेवर आडवी उभी राहायला धावत चढ चढू लागली.